पत्रे लागण्याआधी वही घ्या

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. ती पुण्याला सातारा रस्त्याला लागून, धनकवडीत राहते. "ताई, आमच्या गेटसमोर माणसं आली, जमिनीला भोक पाडून दगडाचे लांब लांब तुकडे पेटीत भरून घेऊन गेली. मेट्रोसाठी म्हणे. आता काय करायचं?" स्वारगेट ते कात्रज हा साडेपाच किलोमीटरचा भुयारी टप्पा आहे, केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेला. मी म्हटलं, "उद्या एक दोनशे पानी वही आण. जाड पुठ्ठ्याची." तिला वाटलं, मी चेष्टा करतेय.

मी मुंबईत, दादर आणि माहीमच्या मधे, १९५८ साली बांधलेल्या तीन मजली इमारतीत राहते. मेट्रो ३ या भुयारी मार्गाचं काम आमच्या खिडकीखालून गेलं. २०१७ ला रस्त्यात कामाभोवती कुंपणाचे पत्रे लागले आणि आमच्या भागातली गाडी सुरू झाली मे २०२५ मध्ये. मधल्या काळात सोसायटीची सेक्रेटरी मीच, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. आयुष्य बँकेत लेजर लिहिण्यात गेलेलं, त्यामुळे नोंद ठेवायची खोड होतीच. तरी चुका भरपूर केल्या. खाली लिहिलंय त्यातलं निम्मं मी वेळेवर केलं, निम्मं नंतर हळहळत शिकले.

आधीच सांगते, मी मेट्रोविरोधी नाही. आता आठवड्यातून दोनदा तिनेच जाते. पण जमिनीत वीस मीटर खोल खड्डा खणला की पाणी, माती, झाडं, झोप सगळं हलतं. त्यातलं किती हलणं ठरल्याप्रमाणे आहे आणि किती हलगर्जी, हे ओळखायचं तर आधीची स्थिती लिहिलेली हवी. "आमच्याकडे पूर्वी असं नव्हतं हो" या वाक्याला कुठल्याच ऑफिसात किंमत नाही.

रेषा शोधू नका, खड्डा शोधा

लोक नकाशावर मेट्रोची रेषा बघतात आणि आपली इमारत तिच्यापासून किती लांब ते मोजतात. भुयारी मार्गात ही मोजणी फारशी कामाची नाही. बोगदा खणणारं मशीन, ज्याला सगळे टीबीएम म्हणतात, ते दिवसाला साधारण दहा मीटर सरकतं. आमच्याखालून गेलं तेव्हा चार दिवस फडताळातल्या वाट्या किणकिणल्या, पलंगावर कान टेकला की लांबून जातं फिरवल्यासारखी घरघर यायची. मग संपलं. खरा मुक्काम असतो स्टेशनच्या खड्ड्याचा. दोनशे मीटरच्या आसपास लांबीचा तो चर रस्त्यात वर्षानुवर्षं उघडा राहतो. मेट्रो ३ साडेतेहतीस किलोमीटरची, तिची २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली. म्हणजे असे २६ खड्डे.

तेव्हा विचारायचं ते हे: स्टेशनची पेटी, म्हणजे तो खड्डा, कुठून कुठपर्यंत? मशीन उतरवायचा शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा, कुठे? (तिथून अख्ख्या बोगद्याची माती वर येते आणि डंपरची रांग लागते. त्या रस्त्यावर राहणाऱ्यांची दया येते मला.) जिने आणि लिफ्ट कुठे येणार? हवा खेळवायचे शाफ्ट कुठे? कारण ते कायमचे आहेत, काम संपल्यावरही पंखे चालतात. आणि काँक्रीटचे भाग ओतायचं यार्ड कुठे?

मार्ग खांबांवरून जाणारा असेल, म्हणजे उन्नत, तर हिशोब वेगळा. खड्डे छोटे, पण प्रत्येक खांबाखाली पायलिंग, म्हणजे जमिनीत खोल काँक्रीटचा पाया उतरवणं, आणि वरचे गर्डर रात्री रस्ता बंद करून चढवतात. शिवाय गाडी सुरू झाल्यावर आवाज तुमच्या खिडकीच्याच उंचीवर येतो. वळण असेल तर चाकं किंचाळतात. अशा ठिकाणी रुळाच्या कडेला आवाज अडवणारे पडदे बसणार का, हे आधी विचारून ठेवायचं.

कागद कुठून मिळतो? अनेकांना ठाऊक नसतं की २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत रेल्वे आणि मेट्रो नाहीतच. महामार्गाला, विमानतळाला, बंदराला आधी पर्यावरण मंजुरी लागते. मेट्रोमार्गाला त्या यादीखाली लागत नाही. म्हणून जनसुनावणीची वाट बघत बसू नका, ती बहुधा येणार नाही. पण परदेशी संस्थेचं कर्ज असेल तर तिच्या अटींमुळे पर्यावरणाचा अभ्यास करावाच लागतो. मेट्रो ३ ला जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज आहे. तो अहवाल मागा. त्यात 'पर्यावरण व्यवस्थापन आराखडा' नावाचा भाग असतो: धूळ कशी रोखणार, आवाज कुठे मोजणार, माती कुठे टाकणार. कंत्राटदाराने या गोष्टी कबूल केलेल्या असतात. पुढची सगळी भांडणं याच पानांवर जिंकली जातात. वेबसाइटवर नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस.

भिंती

काम सुरू होण्याआधी मेट्रोची माणसं इमारतीची पाहणी करायला येतात. कॅमेरा घेऊन प्रत्येक खोलीत फिरतात, तडे टिपतात. हिला बिल्डिंग कंडिशन सर्व्हे म्हणतात. आमच्याकडे दोन तरुण मुलं आली, चहा घेतला, शहाण्यासारखं काम केलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी मात्र दार उघडलं नाही. "परक्या माणसांना घरात कशाला?" नंतर त्यांच्या स्वयंपाकघरात तडा दिसला तेव्हा 'आधीचा फोटो' या रकान्यात एक आडवी रेघ होती. दार उघडा. उघडायला लावा. गावाला गेलेल्यांची किल्ली मागवून घ्या.

त्या अहवालाची प्रत सोसायटीला मिळालीच पाहिजे, आणि सही करण्याआधी प्रत्येक घराने आपापली पानं तपासली पाहिजेत. त्याशिवाय आपली पाहणी वेगळी करायची. माझी पद्धत अशी होती: तड्याशेजारी स्टीलची फूटपट्टी धरायची, फोटो काढायचा, तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक आडवी रेघ आणि तारीख. वहीत खोली, भिंत, लांबी, रुंदी. तडा वाढला तर पेन्सिलीच्या रेघेपुढे जातो, वाद उरत नाही. जुने गवंडी आणखी एक करतात, तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने दोन्ही बाजूंना पक्की बसवतात. भिंत हलली की काच तडकते.

माझी चूक इथेच झाली. तळमजला धरून चारही मजल्यांच्या खोल्या टिपल्या, जिना टिपला, गच्ची टिपली. मागची भिंत, जिथे संडासचे पाइप उतरतात आणि जिथे कुणी जात नाही, ती राहिली. दोन वर्षांनी नेमका तिथेच तिरका तडा. नवा की जुना? मला ठामपणे सांगता येईना. पाइपच्या गळतीचा असेल असं इंजिनियर म्हणाला, आणि खरं सांगायचं तर तसाही असू शकेल. दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने झाली.

प्रत्येक तड्याने घाबरू नका. बोगद्याच्या कामात इमारतींच्या नुकसानीची जी वर्गवारी जगभर वापरतात, तिच्यात एक मिलिमीटरपर्यंतचा तडा 'अगदी किरकोळ' आणि पाच मिलिमीटरपर्यंतचा 'किरकोळ' धरतात, म्हणजे लांबी (पुट्टी) भरून रंग दिला की भागतं, फार तर दारं-खिडक्या थोड्या अडकतात. त्यापुढे मात्र 'मध्यम' आणि मग 'गंभीर'. आणि मुंबईच्या भिंती पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. म्हणून नोंदी दोनदा हव्यात: मे महिन्यात एक आणि ऑक्टोबरात एक.

इमारतीवर ते काही उपकरणंही बसवतात. भिंतीवर छोटी चकाकणारी चौकोनी टिकली, पायाशी ठोकलेला खिळा, गच्चीत झुकाव मोजणारी डबी. पोरं ती टिकली खेळण्यासाठी काढतात, काढू देऊ नका! या उपकरणांचे आकडे तीन पायऱ्यांशी ताडून बघतात: अलर्ट, अ‍ॅक्शन, अलार्म. आपल्या इमारतीसाठी त्या पायऱ्यांचे आकडे किती ठरलेत ते लेखी घ्या आणि दर महिन्याला वाचनांची प्रत मागा. आम्ही मागितली, दोन स्मरणपत्रांनंतर येऊ लागली.

कंपनासाठी जमिनीचा वेग मिलिमीटर प्रति सेकंदात मोजतात. खडक सुरुंगाने फोडायचा असेल तर खाणसुरक्षा महासंचालनालयाच्या मर्यादा वापरतात. साध्या घरांसाठी, कंपन मंद असेल तर ५, वारसा वास्तूंसाठी २. जुन्या नाजूक इमारतींबाबत ही भीती नुसती मनाची नव्हे. २०१७ मध्ये फोर्टातल्या जे. एन. पेटिट वाचनालयाच्या इमारतीच्या माथ्यावरचा दगडी भाग पडला, तेव्हा शेजारी मेट्रोचं काम चालू होतं आणि प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेलं.

विहीर

या भागावर मी जरा रेंगाळणार, कारण याबद्दल कुणी बोलत नाही.

खड्डा कोरडा ठेवायचा तर पाणी उपसावं लागतं, रात्रंदिवस. मुंबईच्या पोटात काळा पाषाण आहे, बसाल्ट. तो स्वतः घट्ट, पण त्याच्या भेगांमधून पाणी वाहतं. त्याच्यावर मुरूम, आणि किनाऱ्याच्या, खाडीच्या बाजूला भरावाची जमीन आणि चिखलमाती. पंप चालू झाला की आजूबाजूची भूजलपातळी खाली जाते. विहीर आटते, हा त्यातला दिसणारा भाग. न दिसणारा असा, की चिखलमातीतलं पाणी गेलं की ती माती दबते, आणि तिच्यावरचं सगळं थोडं थोडं खचतं. म्हणजे खड्ड्यापासून लांब असलेली कंपाऊंडची भिंतही वाकू शकते. म्हणूनच खड्ड्याभोवती आधी जमिनीत काँक्रीटच्या खांबांची सलग भिंत उतरवतात, पाणी आत येऊ नये म्हणून. ती भिंत किती खोल आहे आणि खडकात कितपत रुतली आहे हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारा. इंजिनियर चमकून बघतो. पुढच्या वेळी तुमच्याशी नीट बोलतो.

आमच्या आवारात एक जुनी विहीर आहे. लहानपणी तिच्या पाण्याने आंघोळी होत, आता बाग आणि गाड्या धुण्यापुरती. तिचं मोजमाप मी असं केलं: सुताची दोरी, टोकाला कुलूप बांधलेलं (बंद पडलेलं होतं एक), दोरीला दर फुटाला गाठ. कठड्याच्या एका दगडावर रंगाचा ठिपका दिला, दरवेळी तिथूनच दोरी सोडायची. पाण्याला टेकल्याचा आवाज येतो आणि दोरी हलकी होते. दर रविवारी सकाळी सातला, टाकीचा पंप लावायच्या आधी. वर्षभर. समुद्राजवळच्या विहिरीत भरती-ओहोटीनेही पाणी थोडं वरखाली होतं, त्यामुळे शेजारी भरतीची वेळ लिहून ठेवली तर बरं.

काम सुरू व्हायच्या आधी मला फक्त पाच महिन्यांच्या नोंदी मिळाल्या. पूर्ण पावसाळा-उन्हाळा मिळाला असता तर सोनं होतं. तरीही मे महिन्यातली पातळी आधीच्या मेपेक्षा सहा गाठी खाली गेली, हे वहीत स्पष्ट दिसत होतं. ती दोन पानं फोटोकॉपी करून दिली. महिनाभरात आवाराच्या कडेला एक बारीक नळी जमिनीत उतरवली गेली, भूजल मोजायची. त्यात पाणी परत आलं असं नाही, ते पुढच्या पावसाळ्यात आलं. पण त्यानंतर आमच्या बाजूची जमीन दर आठवड्याला मोजली जाऊ लागली.

पाण्याचा प्रश्न श्रद्धेशीही जोडलेला असू शकतो. काळबादेवी भागातल्या दोन आतश बेहरामांखालून, म्हणजे पारशी अग्निमंदिरांखालून, बोगदा जाणार म्हणून पारशी समाजातले काही जण २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथल्या विहिरींचं पाणी धार्मिक विधींना लागतं, ते आटेल किंवा बिघडेल ही त्यांची एक मोठी काळजी होती. कोर्टाने शेवटी काम थांबवलं नाही. पण विहिरीचा प्रश्न एरवी जो कुणी विचारात घेतला नसता, तो तज्ज्ञांच्या टेबलावर गेला.

आता उपसलेलं पाणी जातं कुठे? गटारात. ते गढूळ असेल तर गाळ पर्जन्यवाहिनीत बसतो आणि जुलैत आपल्या गल्लीत गुडघाभर पाणी साठतं. नियम असा की आधी टाकीत गाळ बसवायचा, मग वरचं पाणी सोडायचं. त्या टाक्या आहेत का, साफ होतात का, हे एप्रिल-मेमध्ये बघा. जाळीतून बाटलीत पाणी भरा, दहा मिनिटं ठेवा, तळाशी दोन बोटं गाळ दिसला की बाटलीचा फोटो काढा. हा पुरावा मला फार आवडतो, त्याला समजावून सांगावं लागत नाही. आणि २६ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौक स्टेशनात पावसाचं पाणी कसं घुसलं ते सगळ्यांनी पाहिलंय. पावसाळ्याआधी खड्ड्याच्या तोंडाशी बांध आहे का, ही चौकशी तुमच्याही हिताची.

साठलेल्या पाण्यात डास होतात हे वेगळं सांगायला नको. पत्र्यामागे डबकं दिसलं की महापालिकेच्या कीटकनाशक विभागाला फोन. हा एक विभाग खरंच लगेच येतो.

आवाज

नियम सोपे आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २०००: राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्याच नियमांत असंही आहे की राहत्या भागात आणि शांतता क्षेत्रात आवाज करणारी बांधकामयंत्रं रात्री चालवायची नाहीत. याच मुद्द्यावर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कफ परेडला रात्रीचं काम थांबवलं होतं. वर्षभराने बोगद्याच्या कामासाठी ती बंदी सैल केली.

मोजायला गेलात की कळतं की हे आकडे स्वर्गातले आहेत. पत्रे लागायच्या आधी, एका साध्या मंगळवारी रात्री अकराला मी खिडकीत फोन धरून मोजलं, ५८! ना मेट्रो, ना वरात, नुसती टॅक्सी आणि कुत्री. म्हणजे "मर्यादा ओलांडली" एवढं म्हणून भागत नाही, ती आधीच ओलांडलेली असते. दाखवायचा असतो तो फरक. त्यासाठी कामाआधीच्या किमान सात रात्रींचे आकडे हवेत. डेसिबलचं गणित साध्या बेरजेचं नाही. दहाने वाढला की कानाला साधारण दुप्पट वाटतो. ५८ चा ७१ झाला म्हणजे थोडाच वाढला असं नाही, झोप गेली.

फोनमधलं अ‍ॅप दोन-चार डेसिबलने चुकतं. चालेल, पण कायम तोच फोन, तीच खिडकी, खिडकीबाहेर हात लांब करून. एकदा साइटवरच्या सेफ्टीवाल्या मुलाच्या मीटरशेजारी माझा फोन धरून फरक लिहून घेतला. तेव्हापासून माझ्या आकड्यांवर कुणी हसलं नाही.

तक्रारीत "खूप आवाज येतो" लिहू नका. कशाचा, ते ओळखायला शिका. खडक फोडणारा ब्रेकर: टकटकटक, थांबत थांबत. पायलिंग रिग: घरघर आणि मधेच बादली झटकल्याचा धडाम. जनरेटर: सलग. डंपरचा मागे येतानाचा हॉर्न: ते कर्कश टीं-टीं, रात्री दीडला, आमच्या इमारतीची झोप सगळ्यात जास्त यानेच उडवली. आणि खड्ड्यावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, ज्यांच्यावरून बस गेली की धाड-धाड. प्रत्येकावर उपाय वेगळा आणि बहुतेक स्वस्त. प्लेटांखाली रबर. जनरेटर पलीकडच्या कडेला. हॉर्नऐवजी रात्री झेंडी-बॅटरीवाला माणूस. ब्रेकर दुपारी दोन ते चार बंद, आमच्याकडे तान्ही बाळं आणि ऐंशी पार केलेले तिघे होते. हे चारही मिळाले. "काम बंद करा" म्हणून जो मोठा अर्ज आम्ही आधी दिला होता, त्यातून काहीही मिळालं नव्हतं.

धूळ आणि राडारोडा

मोठ्या धुळीचं, म्हणजे पीएम १० चं, देशाचं मानक चोवीस तासांना १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. बारीक, छातीत खोल जाणाऱ्या पीएम २.५ चं ६०. घरी हे मोजायला यंत्र मिळतं, पण मला त्याची गरज वाटली नाही. खिडकीच्या काचेवरून बोट फिरवा. राखाडी पीठ म्हणजे सिमेंट, तांबूस म्हणजे मुरूम, काळं म्हणजे डिझेल. तुळशीची पानं आठवड्यात राखाडी झाली, मी पानाचा फोटो जोडला. दम्याचं कुणी घरात असेल तर रस्त्याकडची खिडकी दिवसा बंद, केर ओल्या फडक्याने, आणि डॉक्टरांना मेट्रोचं काम चालू असल्याचं सांगून ठेवा.

बघायचं ते एवढंच: गेटवर डंपरची चाकं धुतात का, माल ताडपत्रीने झाकतात का, पाणी मारतात का. न झाकलेला डंपर दिसला की नंबर दिसेल असा फोटो, तारीख-वेळेसकट. राडारोडा कुठे टाकतात ती जागाही लेखी विचारा. खाडीकाठी तिवरांत टाकला जात नाही ना, हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

झाडं

पत्रे लागण्याआधी रस्त्यावरची सगळी झाडं मोजा. जात, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, कुठल्या इमारतीसमोर, फोटो. आमच्या अडीचशे मीटरच्या तुकड्यात ३१ होती. नातवाला सोबत घेतलं, सुटीत त्याला तेवढंच काम.

महाराष्ट्रात याला १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. तोडण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि झाडावर नोटीस, दोन्ही आवश्यक. हरकतीला मुदत फार थोडी असते, त्यामुळे रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या एकाला हे काम नेमून द्या: कुठल्या खोडावर नवा कागद दिसला की गटावर फोटो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय, आणि एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची असं सांगितलंय. तेव्हा झाडाचं वय अर्जात किती लिहिलंय ते नक्की तपासा. आमच्या समोरच्या वर्षावृक्षाला 'अंदाजे २५' लिहिलं होतं. माझ्या मुंजीत... नाही, मोठ्या भावाच्या मुंजीत, १९६८ साली, त्याच्या सावलीत मांडव होता. फोटो आहे. तो जोडला.

हरकत वेळेत म्हणजे करवतीच्या आधी. आरेचं, म्हणजे मेट्रो ३ च्या कारशेडसाठी झालेल्या तोडीचं, उदाहरण सगळ्यांच्या लक्षात आहे. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं तोवर २,१४१ झाडं पडली होती. पुढे २०२३ मध्ये, ८४ झाडांची परवानगी असताना १७७ साठी अर्ज केला म्हणून मेट्रो कॉर्पोरेशनला सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांचा दंड केला. दंडाने झाड उभं राहत नाही, पण आकडा कुणीतरी मोजत होतं म्हणूनच तो झाला.

'पुनर्रोपण करू' हा शब्द ऐकला की पुढचे प्रश्न विचारा. मुळांभोवती आधी काही आठवडे चर मारून नवी मुळं फुटू देणार का? मातीचा गोळा किती मोठा ठेवणार? पावसाळ्यात हलवणार की मार्चमध्ये? वड, पिंपळ, उंबर जगतात, चिवट जात. मोठा आंबा, फणस, गुलमोहर यांची आशा कमी. नव्या जागेचा पत्ता घ्या आणि तीन महिन्यांनी जाऊन या. मी आमच्या वर्षावृक्षाला बघायला गेले तेव्हा एका मैदानाच्या कोपऱ्यात डोकं छाटलेला बुंधा उभा होता. बाजूच्या पिंपळाला मात्र तांबूस पालवी आली होती.

अर्ज

तोंडी बोलून चहा पिऊन या, हरकत नाही, पण मागून कागद गेलाच पाहिजे. एका अर्जात एकच विषय. तारीख, वेळ, जागा, काय मोजलं, आधी किती होतं, काय हवं. उदाहरणार्थ:

"दि. १४ रोजी रात्री ११.४० ते १२.२५ या वेळात आमच्या गेटसमोर ब्रेकर चालू होता. पहिल्या मजल्यावरील खिडकीत ७१ डेसिबल नोंद झाली. काम सुरू होण्यापूर्वी याच वेळेची नोंद ५८ होती. रात्री १० नंतर ब्रेकर वापरू नये व केलेली कार्यवाही सात दिवसांत लेखी कळवावी."

दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का आणि नंबर घ्यायचा. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. प्रत वॉर्ड ऑफिसला. आवाज-धुळीसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला. सही एकट्या सेक्रेटरीची नको, कमिटीची. आणि साइटवरच्या कामगारांवर ओरडू नका. ती पोरं बिहार-झारखंडहून आलेली, पत्र्याच्या खोलीत त्याच आवाजात झोपणारी. रात्री काम करायचं हे त्यांनी ठरवलेलं नसतं.

काम संपत आलं की शेवटची पाहणी मागा, पहिल्या अहवालासारखीच, खोली-खोलीची. लोक इथे ढिले पडतात, कारण पत्रे निघतात, रस्ता गुळगुळीत होतो, सगळे खूष असतात. कंत्राटदाराची दुरुस्तीची जबाबदारी ठरावीक मुदतीपर्यंतच असते, ती कधी संपते ते विचारून तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. गाड्या सुरू झाल्यावर एक रात्र तळमजल्यावर झोपून बघा. शेवटची गाडी जाते तेव्हा फरशीतून हलकी गूं ऐकू येते का? आमच्याकडे एका खोलीत येते, बाकी नाही. लिहून ठेवलंय.

हे सगळं मी बहिणीला फोनवर तासभर सांगितलं. ती म्हणाली, "अगं पण आमच्याकडे विहीर कुठेय? बोअर आहे, त्यात कुलूप कसं सोडू?"

बोअरचं असं. पंप किमान दोन तास बंद ठेवायचा, रात्रभर ठेवला तर उत्तम. वरच्या झाकणात पाइपशेजारी बोटभर फट असते, नसेल तर प्लंबरकडून भोक पाडून घ्यायचं. मेजरिंग टेपच्या शून्याकडच्या मीटरभराला खडू घासायचा, टोकाला बारीक पण जड नट बांधायचा, आणि पंपाच्या वायरीत अडकणार नाही असा हळूहळू सोडायचा. वर काढला की जिथपर्यंत खडू ओला झाला तिथपर्यंत पाणी. तोंडाशी टेपवर किती आकडा होता त्यातून ओली लांबी वजा करायची. तीनदा करायचं, मधला आकडा लिहायचा. काल तिने पहिला आकडा पाठवला, १४.२ मीटर, आणि खाली विचारलंय की खडू पांढराच हवा का.